सायलेन्सरमधलं रसायन आणि मामाची मोटरहोम

'युरिया' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना गावाकडचं शेत आठवतं आणि उरलेल्यांना अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीतला वोलर. मला मात्र आठवते ती अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेज नावाच्या गावी एका कॅम्पग्राउंडवर अडकून पडलेली अडतीस फुटी गाडी, आणि फोनवर ओरडणारा माझा मामा.

मामा फिनिक्सला राहतो. रिटायर झाल्यावर त्याने २०१६ सालची एक सेकंडहँड मोटरहोम घेतली. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर : आत पलंग, गॅस, संडास-बाथरूम, सगळं. आकाराने आपल्या एसटीएवढी. इंजिन मागे असतं, म्हणून तिकडे या जातीला 'डिझेल पुशर' म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मामा-मामी युटाकडे फिरायला निघाले. फ्लॅगस्टाफच्या पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दिवा लागला तरी गाडी चालत होती, म्हणून मामाने पेजपर्यंत रेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला, तर गाडी ताशी पाच मैलांच्या वर जाईना. तिकडे सकाळचे सात, इकडे संध्याकाळचे साडेसात. मी मेसच्या लाईनीत ताट घेऊन उभा.

"अरे इंजिनियर, ही पाच मैलांवर अडकलीये. आपल्या म्हशी जास्त जोरात चालतात! स्क्रीनवर लिहिलंय, डीईएफ क्वालिटी खराब. काय करू?"

मी तेव्हा सेकंड इयर मेकॅनिकलला. आयसी इंजिनचा पेपर अजून यायचा होता, पण मामाने 'इंजिनियर' म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? मी विचारलं, "मामा, तू ते डीईएफ कधी भरलं होतंस?" तो म्हणाला, "मार्चमध्ये." मी ठामपणे सांगून टाकलं की उन्हाळ्यात त्यातलं पाणी उडालं असणार, दोन गॅलन डिस्टिल्ड वॉटर आणून टाकीत घाल. त्याने घातलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी हे डीईएफ म्हणजे काय ते बघू. कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आल्यापासून आपल्या हायवेवरच्या नव्या ट्रक-बसमध्येही तेच आहे. पंपावर 'ॲडब्लू' लिहिलेले निळे-पांढरे कॅन तुम्ही पाहिले असतीलच. हे नाव जर्मन वाहन उत्पादकांच्या संघटनेचा ट्रेडमार्क आहे. अमेरिकेत त्याच वस्तूला डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड म्हणतात, त्याचंच लघुरूप डीईएफ.

डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबली जाते, तापमान वाढतं आणि इंधन पेट घेतं. जिथे ज्वाला साधारण १८०० केल्व्हिनच्या वर जाते तिथे हवेतला एरवी शहाणा असलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. हा आणि त्याचा भाऊ नायट्रोजन डायऑक्साइड, या दोघांना मिळून नॉक्स म्हणतात. तापमान उतरवलं की नॉक्स कमी होतो, पण काजळी वाढते आणि ॲव्हरेज पडतो. तापमान चढवलं की काजळी कमी, नॉक्स जास्त. एक दाबलं की दुसरं वर. अमेरिकेत १९९८ च्या मोठ्या डिझेल इंजिनांना एका हॉर्सपॉवर-तासामागे ४.० ग्रॅम नॉक्सची मुभा होती, ती २०१० च्या नियमाने ०.२० ग्रॅमवर आणली. म्हणजे विसावा हिस्सा. एवढं सिलेंडरच्या आत करणं जमेना. मग बहुतेकांनी मार्ग बदलला : आत व्हायचा तेवढा नॉक्स होऊ द्या, सायलेन्सरकडे जाताना वाटेत गाठू.

गाठायचं हत्यार म्हणजे अमोनिया. पण अमोनियाची टाकी घेऊन गाडी कोण हिंडवणार? विषारी आणि नाका-डोळ्यांना झोंबणारा वायू. म्हणून तो युरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून न्यायचा. गरम धुरात या द्रावणाचा फवारा मारला की पाणी उडतं, युरियाचा रेणू फुटून एक अमोनिया आणि एक आयसोसायनिक आम्ल होतं, आणि ते आम्ल पाण्याच्या वाफेशी मिळून आणखी एक अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड देतं. थोडक्यात एका युरियातून दोन अमोनिया. पुढे उत्प्रेरकाच्या विटेवर नायट्रिक ऑक्साइडचे चार रेणू, अमोनियाचे चार आणि ऑक्सिजनचा एक असे भेटतात आणि नायट्रोजनचे चार व पाण्याचे सहा रेणू होऊन बाहेर पडतात. हवेतून आलेला नायट्रोजन परत हवेत. मला विचाराल तर आपल्या सगळ्या सिलॅबसमध्ये इतकी सुबक रिॲक्शन दुसरी नाही.

अट एकच, धूर गरम हवा. साधारण २०० अंश सेल्सियसच्या खाली फवारा मारला तर युरिया पूर्ण फुटत नाही. त्यातून बाययुरेट, सायन्युरिक आम्ल असले पांढरे दगड पाईपात बसतात. म्हणून धूर तापेपर्यंत इंजिनचा कॉम्प्युटर फवारा सोडतच नाही. आणि म्हणूनच गाडी तासन्‌तास नुसती आयडलवर ठेवणं या यंत्रणेला मानवत नाही.

आता आकडा : ३२.५ टक्के. डीईएफमध्ये वजनाने ३२.५ टक्के युरिया आणि बाकी डीआयोनाइज्ड पाणी असतं. आयएसओ २२२४१ हे त्याचं प्रमाणक, त्यात ३१.८ ते ३३.२ एवढीच सूट आहे. पस्तीस का नाही, तीस का नाही? सेकंड इयरला मेटलर्जीत आयर्न-कार्बन डायग्राम काढून काढून ज्यांचे हात दुखले, त्यांना ४.३ टक्क्यांवरचा युटेक्टिक पॉइंट आठवत असेल. युरिया-पाण्याचा तसाच बिंदू ३२.५ ला आहे. तिथे गोठणबिंदू सगळ्यात खाली, म्हणजे उणे ११ अंश. त्याहून मोठा फायदा असा, की हे द्रावण गोठताना पाणी वेगळं आणि युरिया वेगळा असं होत नाही. सगळं एकाच प्रमाणात गोठतं आणि वितळल्यावर तसंच परत मिळतं. कॅनडाच्या थंडीत टाकीचा बर्फ झाला तरी वितळलेला पहिला थेंबही ३२.५ टक्क्यांचाच. गोठताना ते सुमारे ७ टक्के फुगतं, तेवढी जागा टाकीत ठेवावी लागते. गाडी मात्र लगेच सुरू होते. इंजिनचं गरम कूलंट टाकीतून फिरवून बर्फ हळूहळू वितळवतात.

हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा पटेना, म्हणून मागच्या वर्षी आम्ही तिघांनी हॉस्टेल मेसच्या डीप फ्रीजमध्ये प्रयोग केला. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत पंपावरचं डीईएफ, तिसरीत तेच डीईएफ निम्मं पाणी घालून. (मेसच्या काकांना 'हे विष नाही, पण पिऊ नका' हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी बाटल्यांवर कवटीचं चित्र काढल्यावर परवानगी मिळाली.) तिसऱ्या बाटलीत आधी कडेला स्वच्छ काचेसारखा बर्फ धरला आणि मधे बराच वेळ पातळ रस खळखळत राहिला. म्हणजे पाणी आधी गोठून बाजूला झालं आणि उरलेला रस दाट होत गेला. डीईएफची बाटली बराच वेळ तशीच होती आणि मग सगळी एकदमच कुल्फीसारखी पांढरी झाली. व्हायवाला हा प्रश्न आला तर आम्हा तिघांचे मार्क पक्के.

दुसरा प्रयोग फसला, तोही सांगतो. खताचा युरिया पाण्यात कालवला की झालं डीईएफ, पैसे वाचले, असं आमच्या विंगमधल्या एकाचं ठाम मत होतं. कालवला. विरघळताना युरिया उष्णता शोषतो, त्यामुळे भांडं हाताला गार लागलं, इथपर्यंत मजा. पण पाणी गढूळ झालं आणि वर तेलाचा तवंग आला. आपल्याकडचा शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा निमतेलाच्या लेपाचा असतो, तो लेपच तरंगत होता. त्यात नळाचं पाणी असलं तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे सगळे पाहुणे उत्प्रेरकावर कायमचे मुक्कामाला. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन लाखाच्या घरातला भाग बदलायची वेळ येते. तेव्हा कोणाच्या काकांचा ट्रक असेल तर हे तेवढं सांगा.

परत मामाकडे. ट्रकवाल्याला हे रसायन सहसा त्रास देत नाही आणि मोटरहोमवाल्याला देतं, याचं कारण इंजिनात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. अशा मोठ्या इंजिनात डिझेलच्या साधारण २ ते ३ टक्के डीईएफ लागतं. मामाची डीईएफची टाकी १५ गॅलनची. ३ टक्के धरले तरी ती ५०० गॅलन डिझेलला पुरते. गाडी गॅलनला आठ मैल देते. म्हणजे एक टाकी ४००० मैल. तिकडचा लांब पल्ल्याचा ट्रकवाला एवढं अंतर दोन आठवड्यांत कापतो, मामाला वर्ष पुरत नाही. रसायन तेच, टाकी तीच, सेन्सर तोच, पण ट्रकमध्ये ते ताजं असतानाच संपतं आणि मोटरहोममध्ये म्हातारं होत बसतं.

आणि म्हातारं किती लवकर होतं? आयएसओचं कोष्टक सांगतं : सतत १० अंशांत ठेवलं तर ३६ महिने, २५ अंशांत १८, ३० अंशांत १२ आणि ३५ अंशांत ६ महिने. उष्णतेने युरिया आपोआप फुटायला लागतो, अमोनिया सुटतो. भरीला टाकीच्या श्वासनळीतून पाणी उडतं. आता मामाची गाडी कुठे उभी होती? फिनिक्सला, उघड्या यार्डात, मे ते ऑक्टोबर. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ सेल्सियसच्या वर होता. टाकी गाडीच्या पोटाशी, खाली तापलेली जमीन. मामीने नंतर सांगितलं की निळं झाकणही नीट बसलेलं नव्हतं आणि कडेला पांढरी साखर जमली होती.

या पांढऱ्या साखरेवरून आणखी एक. इंजिन बंद केल्यावर पंप लगेच थांबत नाही. नळ्यांत आणि नोझलमध्ये उरलेलं डीईएफ तो उलटं ओढून टाकीत नेतो, नाहीतर ते तिथेच वाळून खडे होतील. त्याला काही मिनिटं लागतात. मोटरहोम महिनोन्‌महिने उभी करायची म्हणून लोक बॅटरीचा मेन स्विच काढतात, आणि तो किल्ली फिरवल्याबरोबर काढला तर पंप अर्ध्यातच मरतो. मामा नेमका हेच करत होता. 'बॅटरी वाचवायची' हा त्याचा बाणा, आपण मराठी माणसं!

झाकणांचाही घोळ असतो. मोटरहोमच्या अंगाला डिझेल, डीईएफ, पिण्याचं पाणी, सांडपाणी असे चार-पाच तोटी-झाकणांचे प्रकार. डीईएफचं झाकण निळं, आणि युरोपातल्या कितीतरी मोटरहोमवर पाण्याचं झाकणही निळंच. पंपावर चूक होऊ नये म्हणून डीईएफचं नोझल १९ मिलिमीटरचं आणि टाकीचं तोंडही त्या मापाचं असतं, त्यामुळे डिझेलचं जाड नोझल त्यात शिरत नाही. पण कॅनमधून नरसाळ्याने ओतणाऱ्याला कोण अडवणार? डिझेलचे थोडे थेंब डीईएफमध्ये गेले तरी टाकी, पंप, रबरी सील सगळं धुवायचं किंवा बदलायचं काम निघतं.

आता ताशी पाच मैल हा प्रकार. डीईएफ संपलं किंवा बिघडलं तरी इंजिनला स्वतःला काहीच होत नाही, ते मजेत धूर सोडत राहील. मग कोण पैसे खर्चून भरेल? म्हणून आधी दिवा, मग शक्ती कमी, आणि शेवटी वेग जवळजवळ शून्य, अशी शिक्षा सॉफ्टवेअरमध्येच घातली. हेतू मला पटतो. पण शिक्षा सेन्सरच्या सांगण्यावरून होते, आणि सेन्सर चुकतात. टाकीतला क्वालिटी सेन्सर बऱ्याच गाड्यांत ध्वनीलहरीचा द्रवातला वेग मोजून तीव्रता ठरवतो. द्रवात बुडबुडे असले तरी तो गोंधळतो. २०२१ च्या शेवटी आणि २०२२ मध्ये चिपच्या जागतिक टंचाईत हे सेन्सरच मिळेनात, आणि कितीतरी मोटरहोम रस्त्यात किंवा वर्कशॉपच्या आवारात उभ्या राहिल्या. घरच बंद पडल्यावर माणसं राहणार कुठे? तेव्हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, संमतीने तात्पुरतं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने ही एकाएकी लंगडं करण्याची पद्धत सैल करायचं मार्गदर्शन काढलं : जुन्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलायला वाट आणि २०२७ च्या मॉडेलपासूनच्या नव्या डिझेल ट्रकना डीईएफ संपल्यावर शक्ती अचानक न जाण्याची अट. मामाची गोष्ट त्याच्या आधीची.

कॅम्पग्राउंडवरच्या शेजाऱ्याने मामाला वेगळाच सल्ला दिला, सगळी यंत्रणा 'डिलीट' करून टाक. हे तिकडच्या क्लीन एअर ॲक्टप्रमाणे बेकायदा आहे आणि नॉक्स थेट हवेत जातो. मामा मोहात पडला होता. मामी म्हणाली, "आपण मोकळी हवा खायला निघालोय ना?" विषय संपला.

आता माझे प्रताप. दोन गॅलन डिस्टिल्ड वॉटर घातल्यावर दिवा गेला नाही. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब ठेवला : २९ टक्के. म्हणजे आता पातळ! त्याने मामाला विचारलं, पाणी कोणी घालायला सांगितलं? मामाने भाच्याचं नाव लपवलं, हे त्याचे उपकार. मेकॅनिकने सगळी टाकी उपसली, डीआयोनाइज्ड पाण्याने धुतली, ताजं डीईएफ भरलं, लॅपटॉप लावून फॉल्ट पुसला, आणि साडेआठशे डॉलर घेतले. मूळ द्रावण बिघडलं होतं की सेन्सर, हे त्यालाही सांगता येईना. मूळ नमुना मीच घालवला होता. दुरुस्तीच्या आधी मोजायचं असतं हे मला कळायला साडेआठशे डॉलर लागले, तेही मामाचे.

झोप येईना, म्हणून त्या रात्री वहीत मास बॅलन्स मांडला. गेज अर्धी टाकी दाखवत होता, म्हणजे सुमारे २८ लिटर. घनता १.०९ धरून ३०.५ किलो. त्यात ७.६ किलो पाणी, एकूण ३८.१ किलो. त्याचे २९ टक्के म्हणजे ११.०५ किलो युरिया. तो मूळच्या ३०.५ किलोत होता, म्हणजे ३६.२ टक्के. बरंच दाट. पण गेज चुकीचा असला तर? उलट बाजूने पाहिलं. मूळ द्रावण बरोबर ३२.५ टक्के असतं, तर ७.६ किलो पाणी घालून २९ वर यायला आधी ६३ किलो, म्हणजे ५८ लिटर द्रावण हवं. टाकीच मुळात ५७ लिटरची! वरची मर्यादा ३३.२ धरली तरी ४८ लिटर हवेत, म्हणजे गेज अर्धा दाखवत असताना टाकी जवळजवळ भरलेली. तसं असण्याची शक्यता फार थोडी. आणखी एक हिशेब केला : ३२.५ वरून ३६.२ वर जायला साडेतीन किलो पाणी उडायला हवं. पाच महिन्यांत, ढिल्या झाकणातून, फिनिक्सच्या उन्हात, रोजचे चार-पाच चमचे. मला पटलं. सेन्सर बहुधा खरंच बोलत होता. (द्रावणात सुटा अमोनिया असला तर रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा थोडा फसवतो, एवढी कसर धरावी.)

म्हणजे निदान बरोबर होतं आणि औषध चुकीचं. पाणी उडालं तेवढं परत घालून भागलं नसतं, कारण फुटलेला युरिया आणि साचलेला बाययुरेट पाण्याने परत जात नाही. आणि किती घालायचं हे तर मी मोजलंच नव्हतं.

मामाने आता पद्धत बदलली आहे. मे महिन्यात गाडी यार्डात लावायच्या आधी टाकी जमेल तेवढी उतरवतो. दुकानाबाहेर उन्हात रचलेले कॅन घेत नाही, आतले घेतो, तारखेचा कोड वाचून. एका सहलीपुरतंच भरतो, उरलेला कॅन घरात सावलीत. किल्ली फिरवल्यावर मामी चहा टाकते आणि चहा पिऊन झाल्यावरच बॅटरीचा स्विच निघतो. तीस डॉलरचा एक रिफ्रॅक्टोमीटरही त्याने घेतला आहे. मागच्या सहलीच्या आदल्या रात्री त्याच्या भिंगातून काढलेला फोटो त्याने मला पाठवला, रेघ ३२.८ वर होती. खाली लिहिलं होतं, "इंजिनियर, काय घालू?"

मी लिहिलं, "काही घालू नकोस."